सल्ला हवा: सोप्यातल्या भिंतीसाठी युनायटेडचे माझे अकरा, तीन जागा अजून रिकाम्या

मंगळवारपेठकर
सर्व जाणकारांना नमस्कार. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या कॉटसमोरच्या भिंतीवर, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या माझ्या सर्वांत आवडत्या अकरा खेळाडूंची नावे मराठीत लिहून घ्यायची आहेत. आबा आता घराबाहेर फारसे पडत नाहीत, पण सामने चुकवत नाहीत. ज्या भिंतीकडे त्यांची दिवसभर नजर असते ती कोरी राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे. जागा आठ फूट बाय पाच फूट आहे आणि खर्चाची तयारी चार हजारांपर्यंत आहे, त्यापुढे नाही.

संघासाठी अट एकच आहे. ज्याला आम्ही दोघांनी घरच्या टीव्हीवर थेट सामन्यात पाहिले, तोच खेळाडू घ्यायचा. आमच्याकडे केबल १९९८ मध्ये आली, त्यामुळे त्याआधी क्लब सोडून गेलेले खेळाडू कितीही थोर असले तरी या अटीत बसत नाहीत. मांडणी ४-४-२ अशी आहे, म्हणजे गोलकीपरपुढे चार बचावपटू, मधल्या फळीत चार आणि पुढे दोन. उजव्या बाजूला गॅरी नेव्हिल, मध्ये रिओ फर्डिनंड आणि विडिच, मधल्या फळीत बेकहॅम, रॉय कीन, स्कोल्स आणि गिग्ज, पुढे रूनी, अशी आठ नावे पक्की आहेत. गोलकीपर श्मायकेल घ्यावा की व्हॅन डेर सार, लेफ्ट बॅक आयर्विन की एव्हरा, आणि रूनीच्या जोडीला कोण, या तीन ठिकाणी अडलो आहे. जुन्या भिंतीवर रंग टिकेल का, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

जुना_गोलरक्षक
गोलकीपरबाबत प्रश्न पडावा याचेच मला आश्चर्य वाटते. मी शाहू स्टेडियमवर एका तालमीच्या संघाकडून अकरा हंगाम गोलमध्ये उभा राहिलो आहे. कॉर्नरचा चेंडू हवेत असताना बाहेर पडायचे की रेषेवर थांबायचे, हे पापणी लवते तेवढ्या वेळात ठरवावे लागते. एकदा मी दोन पावले पुढे आलो आणि तिथेच थबकलो. समोरच्याचा गुडघा लागून उजवा खांदा निखळला, तो आजही पावसाळ्यात दुखतो. श्मायकेल कधी थबकला नाही. हँडबॉलच्या गोलकीपरसारखे हातपाय पसरून तो अंगावर यायचा आणि समोरच्या स्ट्रायकरला गोल दिसेनासा व्हायचा. १४ एप्रिल १९९९ रोजी इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेत आर्सेनलविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या फेरसामन्यात, कीनला लाल कार्ड मिळाल्यामुळे दहाच खेळाडू उरलेले असताना, अगदी शेवटी बर्गकॅम्पची पेनल्टी त्याने अडवली. ती अडली नसती तर जादा वेळेतील गिग्जचा तो धावत जाऊन केलेला गोल झालाच नसता आणि तीन चषकांचा हंगामही झाला नसता. १९९५ मध्ये रोटर वोल्गोग्राडविरुद्ध याच माणसाने डोक्याने गोलसुद्धा केला होता. आता आणखी काय पाहिजे?

रंकाळाकाठ
श्मायकेलच. त्यात चर्चेला जागा नाही. मात्र रूनीच्या जोडीला एरिक कँटोना नसेल तर त्या भिंतीला युनायटेडची भिंत म्हणता येणार नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये लीड्सकडून अवघ्या १२ लाख पौंडांत आलेल्या या खेळाडूने क्लबची सव्वीस वर्षांची विजेतेपदाची प्रतीक्षा संपवली. भिंतीचे म्हणाल, तर मी गेल्या वर्षी हॉलमध्ये पूर्ण भिंतभर व्हिनाइल चिकटवून घेतले, त्याला साडेअकरा हजार लागले. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिथेच उभा राहतो. असे काम एकदाच होते, तेव्हा चांगलेच करून घ्यावे.

मंगळवारपेठकर
रंकाळाकाठ, मनापासून आभार, पण कँटोना १९९७ मध्ये निवृत्त झाला आणि केबल १९९८ ची आहे. खर्चाची मर्यादाही चार हजारांची आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

डावी_बगल
मी स्वतः डावखुरा असून पेठेतल्या संघात लेफ्ट बॅकला खेळतो, म्हणून फक्त त्याच जागेविषयी लिहितो. आयर्विन उजव्या पायाचा होता आणि तरीही जवळपास सगळी कारकीर्द डाव्या बाजूला खेळला. ही गोष्ट किती अवघड आहे, हे त्या जागेवर खेळल्याशिवाय कळत नाही. रेषेलगत आलेला चेंडू उजव्या पायावर घ्यायला अंग वळवावे लागते आणि तेवढ्यात विंगर पुढे निघून जातो. आयर्विनला तसे वळताना मी पाहिलेले नाही, कारण चेंडू येण्याआधीच तो योग्य कोनात उभा असायचा. १९९० ते २००२ या काळात तो ५२९ सामने खेळला आणि फ्री किक, पेनल्टीही मारायचा. एव्हराचे पदार्पण जानेवारी २००६ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध झाले. तो सामना युनायटेडने ३-१ असा गमावला आणि एव्हराला मध्यंतरालाच बाहेर काढावे लागले. पुढे त्याने पाच लीग विजेतेपदे जिंकली हे मान्य आहे, तरी माझे मत आयर्विनला.

पुण्यातला_कोल्हापूरकर
गोलकीपर श्मायकेल आणि लेफ्ट बॅक आयर्विन, हे वर आलेच आहे आणि मलाही तेच वाटते. मला खटकते ते वेगळेच. उजव्या बाजूला रोनाल्डो असताना बेकहॅम पक्का कसा केलात? २००७-०८ च्या हंगामात रोनाल्डोने सर्व स्पर्धा मिळून ४२ गोल केले, विंगवरून खेळून. आयर्विनबद्दल सांगायचे तर १९९९ चा चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातील क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना लाल कार्डामुळे त्याला खेळता आला नव्हता, ही सल त्याला राहिलीच असेल.

डावी_बगल
ही माहिती चुकीची आहे. लाल कार्डामुळे त्याचा हुकला तो एफए कपचा अंतिम सामना. बार्सिलोनाच्या मैदानावरील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आयर्विन पूर्ण वेळ खेळला. त्या सामन्याला मुकले ते कीन आणि स्कोल्स, कारण ट्युरिनला उपांत्य सामन्यात युव्हेंटसविरुद्ध दोघांनाही पिवळे कार्ड मिळाले होते.

पुण्यातला_कोल्हापूरकर
दुरुस्ती मान्य. रोनाल्डोचा मुद्दा मात्र कायम आहे.

तालमीचा_कट्टा
लेखकाच्या भावनेचा आदर ठेवून एक गोष्ट विचारतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या संघांचे खेळाडू ज्या गावात घरोघर माहीत आहेत, ज्या गावात सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही, तिथल्या भिंतीवर सगळी अकराच्या अकरा नावे परदेशातली असावीत का? आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आबांनी उमेदीच्या काळात पेठेचे सामने पायऱ्यांवर बसून पाहिले असतीलच. त्यांना त्या खेळाडूंची नावे अधिक जवळची वाटणार नाहीत का?

मंगळवारपेठकर
आपला मुद्दा मनाला लागला. आबा पेठेचे सामने पाहायचे, आणि त्या खेळाडूंची नावे त्यांना भिंतीवर लिहून ठेवण्याची गरज नाही, इतकी ती पाठ आहेत. ही भिंत आम्ही दोघांनी रात्री जागून पाहिलेल्या सामन्यांची आहे.

ब्रशवाला
आमच्या घरात दोन पिढ्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या जात आहेत, त्यामुळे संघाबद्दल न बोलता भिंतीबद्दल सांगतो. जुन्या घराचा सोपा म्हणजे भिंत मातीची किंवा निदान मातीत बांधलेली असणार. त्यावर ऑइल पेंट मारू नका. कोल्हापूरच्या पावसात खालून ओल चढते, ऑइल पेंट ती बाहेर पडू देत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. एका घरात मी हौसेने लिहिलेली नावे अशी अर्ध्यातून गळून पडली आणि मला पैसे परत द्यावे लागले. भिंतीवर व्हिनाइल तर मुळीच धरणार नाही. त्याऐवजी सहा फूट बाय चार फुटांचा पत्रा घ्या, त्याला मागून लाकडी चौकट ठोका, आधी प्राइमर, मग लाल रंगाचे दोन हात आणि त्यावर पिवळी अक्षरे. फलक भिंतीला टेकवू नका, मागे बोटभर फट राहू द्या. हे काम तुमच्या पैशांत बसते. अक्षरांची उंची मात्र कॉटपासूनचे अंतर मोजून ठरवावी लागेल.

रंकाळाकाठ
माझे व्हिनाइल वर्षभर जसेच्या तसे आहे.

ब्रशवाला
आपली भिंत सिमेंटची असेल. यांची मातीची आहे.

नऊ_नंबरी
स्ट्रायकरबद्दल कोणीच नीट बोलत नाही. व्हॅन निस्टलरॉयने २१९ सामन्यांत १५० गोल केले. रूनी मागे येऊन चेंडू घ्यायचा, त्यामुळे त्याच्या पुढे पेनल्टी क्षेत्रात ठाण मांडून बसणारा माणूस हवा, आणि त्या कामात या डच खेळाडूपेक्षा सरस मी कोणी पाहिला नाही. बेकहॅम उजवीकडून क्रॉस देणार असेल तर हा प्रश्नच मिटतो. सोल्शारचे नाव कोणी सुचवण्याआधीच सांगतो की तो बाकावरचा बारावा माणूस म्हणून अजोड आहे, पण पहिल्या अकरात नाही.

जुना_गोलरक्षक
नऊ_नंबरी यांच्याशी सहमत. आणि श्मायकेलबाबत कोणाचेच दुमत दिसत नाही, याचे समाधान वाटते.

मंगळवारपेठकर
सर्वांचे आभार. निर्णय झाला आहे आणि तो बराचसा आपल्या सल्ल्याविरुद्ध आहे, म्हणून कारण सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आबा शिरोलीला एका फौंड्रीत होते. २६ मे १९९९ चा चॅम्पियन्स लीगचा तो अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू झाला. बास्लरने सहाव्याच मिनिटाला प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकचा गोल केला आणि पुढे जवळजवळ दीड तास काहीच घडले नाही. पाच-सात मिनिटे उरलेली असताना आबांनी टीव्ही बंद केला, कारण सकाळी सातची पहिली पाळी होती आणि पाच वाजता उठायचे होते. मी दहावीची परीक्षा दिलेला मुलगा होतो, एक शब्द बोललो नाही. शेरिंगहॅमचा आणि सोल्शारचा गोल आम्ही अंथरुणावर पडलेले असताना झाला. दुपारी आबा पाळीवरून आले ते सायकल भिंतीला लावून, डबा हातात तसाच धरून उंबऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "दोन झाले म्हणे रे." त्यांना फौंड्रीत कोणीतरी सांगितले होते. मला तोवर काहीच माहीत नव्हते.

२००८ मध्ये मॉस्कोत चेल्सीविरुद्ध झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला आबांनी टीव्हीला हात लावला नाही. सामना पेनल्टींवर गेला. रोनाल्डोची पेनल्टी अडवली गेली, चेल्सीचा टेरी घसरला आणि त्याचा चेंडू खांबाला लागला, गिग्जने आपली पेनल्टी मारली. त्याच रात्री गिग्जने बॉबी चार्ल्टनचा युनायटेडकडून ७५८ सामने खेळण्याचा विक्रमही मागे टाकला होता. पहाटे तीनच्या सुमारास व्हॅन डेर सारने उजवीकडे झेपावून चेल्सीच्या आनेल्काचा चेंडू अडवला. तेव्हा आबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे वळ होते. त्यानंतर ते झोपले नाहीत, अंघोळ करून थेट पाळीला गेले. श्मायकेल थोर आहे हे जुना_गोलरक्षक यांचे म्हणणे मी शब्दशः मान्य करतो, तरी आमच्या सोप्यात गोलमध्ये व्हॅन डेर सार उभा राहील. पुढच्या हंगामात लीगमध्ये सलग १,३११ मिनिटे त्याने गोल होऊ दिला नाही, हेही त्याच्या बाजूने आहेच, पण मी त्यासाठी त्याला घेतलेले नाही.

लेफ्ट बॅक आयर्विन. तिथे डावी_बगल यांनी मला पटवले. आमच्याकडच्या लहान टीव्हीवर चेंडू येण्याआधीची त्याची जागा दिसतच नसे. काल जुना सामना लावून फक्त त्याच्याकडे पाहिले, तेव्हा सगळे कळले. बेकहॅम राहील, कारण १९९९ च्या त्या दोन्ही गोलांची सुरुवात त्याच्या कॉर्नरनेच झाली होती.

स्ट्रायकरसाठी मी व्हॅन निस्टलरॉयचे नाव कागदावर लिहून यादी आबांना वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, "मी टीव्ही बंद केल्यावर ज्यानं गोल मारला, त्याचं नाव कुठाय?" अटीला बाधा येत नाही, कारण तो एक गोल सोडला तर सोल्शारला आम्ही २००७ मध्ये तो निवृत्त होईपर्यंत अनेकदा पाहिले आहे, आणि १२६ गोल करणाऱ्याला पहिल्या अकरात घेण्यासाठी मला आणखी पुरावा लागत नाही. रूनीच्या जोडीला सोल्शार.

ब्रशवाला यांच्या सांगण्याप्रमाणे पत्र्याचा फलक करायला दिला आहे. चौकटीसह तीन हजार आठशे ठरले. पेंटरने तीन इंची आणि चार इंची अशी दोन मापांत कागदावर नावे लिहून दिली होती, ती भिंतीवर धरून पाहिली. तीन इंचीत आबांना 'विडिच' वाचता आले, 'फर्डिनंड' आले नाही. चार इंची नक्की केले.

नऊ_नंबरी
सोल्शार हे मराठीत 'सोल्स्कियर' असेही लिहितात. पेंटरला देण्याआधी एकदा तपासून घ्यावे.

मंगळवारपेठकर
आबा जसे म्हणतात तसेच लिहिणार आहे. ते 'सोल्शार' म्हणतात.

जुना_गोलरक्षक
गोलकीपरबाबत मी आपल्याशी सहमत नाही आणि होणारही नाही. मात्र मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, एवढ्या वजनाचा पत्रा तर मुळीच धरणार नाही, म्हणून सांगतो. सोप्याच्या वरच्या तुळईला दोन हुक मारा आणि फलक साखळीने खाली सोडा. हुक बसवायला माणूस लागला तर रविवारी मी मोकळा आहे. डावा खांदा अजून चांगला आहे.