सिनेमाचे ‘वेध’ लागतात, की फक्त ग्रहणाचे? (डिसेंबर २०२४ मधली चर्चा)

रिकामी_खुर्ची
आमच्या चित्रपट मंडळाची चारपानी पत्रिका निघते. जानेवारीच्या अंकासाठी ‘२८ इयर्स लेटर’ या भयपटावर टिपण लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘डॅनी बॉइलच्या नव्या चित्रपटाचे ब्रिटनमधल्या चाहत्यांना वेध लागले आहेत.’ मजकूर तपासणाऱ्या काकांनी ‘वेध’वर तांबडी फुली मारली. वेध ग्रहणाचे लागतात, ते अशुभ, आनंदाच्या गोष्टीला लावू नयेत म्हणे. वर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, ‘उत्सुकता शिगेला पोहोचली आहे.’ हे वाक्य मी निवडणुकीपासून आंब्याच्या पहिल्या पेटीपर्यंत सगळ्या बातम्यांत वाचत आलोय, मला ते नकोय. पण काकांचं बरोबर आहे का? आमच्या घरी ‘गणपतीचे वेध लागले’ सर्रास म्हणतात.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी : या मालिकेतला पहिला सिनेमा, बॉइलचा ‘२८ डेज लेटर’, २००२ चा. दुसरा २००७ चा, त्याचा दिग्दर्शक वेगळा. आता बॉइल आणि लेखक अ‍ॅलेक्स गार्लंड दोघंही परत आलेत. २० जून २०२५ ला येतोय. गेल्या आठवड्यात ट्रेलर आला आणि तिकडे लोकांची झोप उडाली आहे.

माजघर
काका अर्धे बरोबर. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, चंद्रग्रहणाचे तीन. त्या वेळात जेवायचं नाही, पाण्यावर तुळशीपत्र ठेवायचं वगैरे. मी अकरावीत असताना आजीला म्हटलं, ‘ताईला लग्नाचे वेध लागलेत.’ आजी म्हणाली, ‘मग आज तिचं पान मांडू नका.’ म्हणजे शब्द तिलाही दोन्हीकडून ठाऊक होता.

तिरकस
अशुभ कुठून आलं? मूळ धातू व्यध्, भोसकणं. लक्ष वेधणं, शब्दवेधी बाण, कुलाब्याची वेधशाळा, सगळी एकाच घरातली मंडळी. सिनेमा यायला सहा महिने आहेत आणि आत्तापासून टोचतोय, तर वेधच लागले की.

पंतोजी_नाही
धातूवरून शब्दाचा आजचा अर्थ काढायचा तर ‘अपरोक्ष’चं काय कराल? संस्कृतात डोळ्यांसमोर, मराठीत पाठीमागे. लोक वापरतात तो अर्थ. लोक गणपतीचे वेध म्हणतात, विषय संपला.

तिरकस
लोक ‘मी तुला मदत केली’ऐवजी ‘तुझी मदत केली’ पण म्हणतात. संपवा तोही विषय.

पंतोजी_नाही
तो वेगळा धागा काढा. मागच्या वेळी त्यावर दीडशे प्रतिसाद झाले होते आणि दोन जण कायमचे निघून गेले.

टाईनकाठी
मी इंग्लंडात न्यूकासलला राहते. सिनेमाचं बरंच चित्रण इथल्याच नॉर्थंबरलंडमध्ये झालं. ट्रेलरमध्ये पाण्यातून जाणारा रस्ता दिसतो ना, तसा लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीला बुडतो. वेळापत्रकाची पाटी लावलेली असते, तरी गाड्या अडकतात. मध्ये खांबांवर एक लाकडी खोपटं आहे, अडकलात तर त्यात चढून ओहोटीची वाट बघायची. मुंबईकरांनी हाजी अलीची वाट डोळ्यांसमोर आणावी, फक्त बरीच लांब, आणि गार वारा.

आता मुद्दा. माझ्या ऑफिसातला एक जण पहिल्या सिनेमाचा इतका वेडा आहे की नव्याचा ट्रेलर त्याने पाहिलेला नाही, पाहणारही नाही. थिएटरात दुसऱ्या सिनेमाआधी तो लागला तर उठून बाहेर जाऊन उभा राहतो. फोनवर सिनेमाचं नाव गाळून टाकलंय. जेवणाच्या सुट्टीत कुणी विषय काढला की डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर. २० जूनपर्यंत सिनेमाचा एक घासही तोंडात घ्यायचा नाही असा त्याचा नेम. हा माणूस अक्षरशः वेध पाळतोय! ‘उत्सुकता’ म्हटलं तर त्यात हे बसतच नाही. काकांना सांगा, त्यांच्याच अर्थाने शब्द बरोबर आहे.

रिकामी_खुर्ची
हे भारी आहे. टिपणात घेऊ का? नाव न देता.

टाईनकाठी
घ्या की. त्याला मराठी येत नाही.

तिरकस
तो एक वेध पाळणारा, बाकीचे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ट्रेलरमध्ये गवतातून एक हाडांचा सापळा उठतो. तो नट किलियन मर्फीच, पहिल्या सिनेमातला नायक जिम, असा दोन दिवस गहजब झाला. निघाला भलताच कोणी.

शिगोशीग
शिगेला नावं ठेवू नका. आजोबांचं धान्याचं दुकान होतं. पायली काठोकाठ भरली की वर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. गिऱ्हाईक शिगेचं माप मागायचं, आजोबा काठावरून हात फिरवून सपाट द्यायचे, आणि रोज त्यावरून भांडण. लहानपणी मला वाटायचं, दुकान म्हणजे भांडायची जागा. शिगेला पोहोचलं म्हणजे आता एक दाणा टाकला तरी घरंगळणार. इतका नेमका शब्द पेपरवाल्यांनी झिजवला, यात शब्दाचा काय दोष?

माजघर
पण मग डिसेंबरातच शिगेला पोहोचली तर जूनपर्यंत सगळी जमिनीवर. काकांचं वाक्य अर्थाने चुकलं.

शिगोशीग
हे मान्य.

गोमंतका
मूळ वाक्य राहू दे. टिपणात पुढे ‘झोंबी’ लिहिलंय का? आमच्याकडे झोंबी म्हणजे कुस्ती, धरपकड. पडद्यावर जे करतात ते पाहता चूकही नाही म्हणा.

रिकामी_खुर्ची
‘झॉम्बी’ लिहिलं होतं. पण या सिनेमांतले लोक मेलेले नाहीत. विषाणूने पिसाळलेली जिवंत माणसं आहेत ती. म्हणून ‘बाधित’ केलं.

पंतोजी_नाही
‘बाधित’ नको हो. २०२० मध्ये रोज संध्याकाळी आकडे ऐकलेत. तो शब्द वाचला की मला सॅनिटायझरचा वास येतो.

माजघर
उलट तोच हवा. बाधा भुताचीही होते आणि रोगाचीही. इंग्रजीत त्यावरून वाद घालतात, हे भूतपिशाच्च की रुग्ण. मराठीने एका शब्दात दोन्ही घेतलं.

तिरकस
बाधा म्हणजे मूळात अडथळा.

माजघर
आलात परत मुळाशी.

गोमंतका
ट्रेलरमध्ये घुमणारी ती ‘बूट्स’ कविता ‘जंगल बुक’वाल्या किपलिंगची. १९१५ चं ध्वनिमुद्रण आहे, अंगावर काटा येतो. किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, वडील जे. जे. स्कूलमध्ये शिकवायचे.

तिरकस
घ्या, फिरून सगळं मुंबईलाच.

रिकामी_खुर्ची
मंडळी, उद्या दुपारी मजकूर छापायला जातोय. काका फोनवर म्हणाले, फार तर ‘डोळे लावून बसले आहेत’ चालेल. वेध ठेवू की काढू?

पंतोजी_नाही
ठेवा.

तिरकस
ठेवा, पण माझ्या कारणासाठी, यांच्या नव्हे.

गोमंतका
शिगोशीग, तुमच्या आजोबांची पायली किती शेरांची?

शिगोशीग
चार.

माजघर
शेर मापाचा की वजनाचा?