मदत हवी आहे: गव्हाच्या आरएनए-सीक रीड्सची मोजणी कशी करावी?
नमस्कार मंडळी. पोस्टडॉकसाठी भातावरून गव्हावर आलोय आणि आरएनए-सीकमध्ये (आरएनएचे छोटे तुकडे, म्हणजे रीड्स, वाचून कोणतं जनुक किती सक्रिय आहे ते मोजण्यात) पार गोंधळ उडालाय. भाताचा जीनोम (संपूर्ण डीएनए) साधारण 40 कोटी बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), गव्हाचा तब्बल 1600 कोटींचा. त्यात ए, बी, डी हे तीन उपजीनोम (एकमेकांशी खूप मिळतेजुळते गुणसूत्रांचे संच) म्हणजे जणू तिळे भाऊ! एकच रीड तिन्हीकडे जुळते. एकाच जागी बसणाऱ्या रीड्स ठेवल्या, तर जास्त सारखी असलेली जनुकंच गळतात. सगळ्या धरल्या, तर आकडे फुगतात. सॅल्मन किंवा कॅलिस्टो ही रीड्स मोजणारी सॉफ्टवेअर इथे भरवशाची आहेत का? रीड्स जुळवायला वापरतो तो संदर्भ जीनोम चायनीज स्प्रिंग या गव्हाच्या वाणाचा आहे, आमचं वाण मात्र वेगळं. त्याने कितपत फरक पडतो? गव्हावर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.