मदत हवी आहे : नायिकेचे नाव रविवारपर्यंत ठरवायचे आहे, तिघींपैकी कोणाला घ्यावे?

पडद्यामागचा
नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या उत्सवात यंदा जुने संगीत नाटक पुन्हा उभे करण्याचे ठरले आहे. बाकी सर्व पात्रे ठरली, साथीदार ठरले. पण नायिका कोणी करायची यावरून मंडळात दोन तट पडले असून लागोपाठ तीन बैठका त्याच विषयावर मोडल्या. समोर तिघीजणी आहेत. पहिली २६ वर्षांची, १२ वर्षे शास्त्रीय गायन शिकलेली, गळा तयार, परंतु रंगमंचावर प्रथमच उभी राहणार. दुसरी ३४ वर्षांची, कोकणी आणि मराठी नाटकांत मुरलेली. सुरेल आहे, पण वरच्या सुरांत गळ्यावर ताण येतो. तिसरी ५१ वर्षांची, हीच भूमिका तिने आमच्याच मंडळात २० वर्षांपूर्वी केली होती आणि सगळी पदे तिला आजही पाठ आहेत. रविवारी नाव कळवायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

जुना प्रेक्षक
नाटक कोणते, ते आपण लिहिलेच नाही. भामिनी, रुक्मिणी, सुभद्रा आणि सिंधू या संगीत नाटकांतील चौघी नायिकांना चार वेगळ्या घडणीच्या अभिनेत्री लागतात. ‘स्वयंवर’ असेल तर पहिलीला घ्या, कारण भास्करबुवा बखल्यांच्या चाली तयार गळ्यावाचून उभ्याच राहत नाहीत. ‘एकच प्याला’ असेल तर दुसरीला घ्या, कारण सिंधूचे दुःख आधी बोलण्यात उतरावे लागते. नाव कळल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे दुखणे न विचारता काढा पाजणे होय.

पडद्यामागचा
क्षमस्व. गेले दोन महिने आमच्या घरी दुसरे नावच निघत नाही, त्यामुळे लिहायचे राहून गेले. नाटक ‘मत्स्यगंधा’ आणि भूमिका सत्यवतीची. आता सांगावे.

मांडवीकाठ
मग वाद कसला? ‘मत्स्यगंधा’ हे आपल्याच माणसांनी उभे केलेले नाटक आहे. लेखन वसंत कानेटकरांचे, पण १९६४ साली ते रंगमंचावर आणले मुंबईच्या दि गोवा हिंदु असोसिएशनने, संगीत दिले मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी, पराशर झाले म्हापशाचे रामदास कामत आणि सत्यवती झाल्या आपल्याच आशालता वाबगावकर. आशालताबाई तेव्हा विशीत होत्या. विशीतल्या मुलीने ती भूमिका अजरामर केली असताना आपण वयाचा आणि अनुभवाचा हिशेब का मांडावा? पहिलीला घ्या आणि तिच्यावर मेहनत करा.

नाट्यवेडी, डिचोली
मांडवीकाठ, आपण दिलेल्या उदाहरणातूनच उलट निष्कर्ष निघतो. आशालताबाई घराण्याची गायकी मिरवणाऱ्या गायिका नव्हत्या. त्या आधी अभिनेत्री होत्या आणि भाव जपत गाणाऱ्या होत्या. अभिषेकीबुवांनी त्या नाटकात पदांची रचनाच अशी केली की तानांचा विस्तार मागे सरला आणि शब्द पुढे आला. ‘गर्द सभोती रान साजणी’ ही तर मूळची बालकवींची कविता. ती गाताना प्रेक्षकाला नदीकाठचे रान दिसले पाहिजे, गळ्याची तयारी नव्हे. माझे मत दुसरीच्या बाजूने आहे.

मांडवीकाठ
तयारी नसलेल्या गळ्यातून रानही दिसत नाही, ताई. सूर हलला की प्रेक्षकाचे सगळे लक्ष त्या हललेल्या सुराकडेच जाते.

सुरपेटी
मी गेली ३० वर्षे उत्सवी नाटकांना ऑर्गन वाजवत आहे, म्हणून विचारतो. तिघी कोणत्या पट्टीत, म्हणजे ऑर्गनची कितवी काळी किंवा पांढरी पट्टी ‘सा’ धरून, गातात? प्रयोग सभागृहात आहे की देवळासमोरच्या मंडपात? नाटक पूर्ण करणार की कापून? आणि प्रयोगाचा महिना कोणता? हे चार प्रश्न सुटल्याशिवाय कोणाचेही नाव घेऊ नये.

पडद्यामागचा
पहिली आणि तिसरी काळी चारमध्ये गातात. दुसरीलाही आम्ही काळी चारमध्येच म्हणायला लावले, कारण मंडळाच्या जुन्या वहीत पदांवर तीच पट्टी लिहिलेली आहे. प्रयोग मंडपात, तिन्ही बाजू उघड्या. महिना पौष. नाटक पूर्ण करणार. पालखी देवळात परतल्यावर पडदा वर जातो, म्हणजे रात्रीचे ११ तरी होतातच.

सुरपेटी
म्हणजे शेवटच्या अंकातील पदे पहाटे २ ते ३ च्या सुमारास, पौषातल्या दवात, उघड्यावर म्हणायची आहेत. ही गोष्ट आपण पहिल्याच मजकुरात लिहायला हवी होती. त्या वेळी तबल्याचे चामडेसुद्धा सैल पडून सूर उतरतो आणि तबलजीला दर पदाआधी हातोडी घ्यावी लागते. मग माणसाच्या गळ्याची गोष्ट काय सांगावी? बैठकीत संध्याकाळी ७ वाजता घेतलेल्या परीक्षेवरून पहाटेचा गळा कळत नाही. दुसरे असे की वहीत काळी चार लिहिले म्हणून ती पट्टी काही शिलालेख होत नाही. ती वहीत लिहिणाऱ्या वेळच्या बाईची पट्टी होती. दुसरीला पांढरी चार देऊन पाहिले का? तीन सुरांनी खाली आल्यावर तिचा तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, कसा लागतो, ते ऐकल्याशिवाय तिच्या गळ्यावर ताण येतो असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

श्रोता, मडगाव
यावर सोपा उपाय आहे. अभिनय दुसरीने करावा आणि पहिलीने विंगेत बसून गावे. आजकाल ध्वनिव्यवस्था इतकी चांगली आहे की प्रेक्षकांना कळणारही नाही.

जुना प्रेक्षक
प्रेक्षकांना कळते. आपल्याकडचा उत्सवी प्रेक्षक पदाच्या पहिल्या ओळीला मान हलवतो तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे आणि गळ्याच्या शिरेकडे पाहून. संगीत नाटकात पात्र बोलता बोलता गाऊ लागते, यातच त्या प्रकाराचा प्राण आहे. तो विंगेत नेऊन ठेवल्यावर रंगमंचावर उरते काय?

नटेश्वर
पूर्वी हा प्रश्नच येत नव्हता. बालगंधर्वांनी १९११ मध्ये भामिनी आणि १९१६ मध्ये रुक्मिणी केली, आणि स्त्रियांनी त्यांच्या चालण्याबोलण्याचा कित्ता गिरवला. आजही एखादा गाणारा तरुण शोधून स्त्रीपार्ट करून पाहावा. त्याला लुगडे नेसवण्याची आणि दागिन्यांची पूर्ण माहिती मी देऊ शकेन.

नाट्यवेडी, डिचोली
नटेश्वर, धागाकर्त्याने पुरुष नट मागितलेला नाही. ज्या गोव्याने मोगूबाई कुर्डीकरांना घडवले, ज्यांनी नाटक मंडळीत सुभद्रेचे काम केले, आणि ज्योत्स्ना भोळ्यांना घडवले, ज्यांची १९४२ मधील ‘कुलवधू’ अजून लोक आठवतात, त्या गोव्यात गाणारी अभिनेत्री सापडत नाही असे आपण कसे समजता? येथे एक सोडून तीन जणी उभ्या आहेत. प्रश्न निवडीचा आहे.

पेडण्याचा
भूमिका विभागून द्यावी. पहिल्या अंकातील कोळ्याची पोर पहिलीने करावी आणि पुढची राणी तिसरीने. वय, गळा आणि अनुभव हे तिन्ही प्रश्न सुटतात.

पडद्यामागचा
हे आमच्या एका सदस्यानेही सुचवले होते, पण मला पटत नाही. कोळ्याच्या होडीत वाढलेली मुलगी हस्तिनापूरच्या राजवाड्यात जाऊन काय होऊन बसते, हे एकाच चेहऱ्यावर पाहण्यासाठी तर नाटक करायचे. चेहरा बदलला की ती दोन वेगळ्या बायकांची गोष्ट होईल.

येथे एक गोष्ट लिहितो, जी आधी लिहायला हवी होती. परीक्षेच्या वेळी आम्ही तिघींना पद आणि त्याआधीचा संवाद असे दोन्ही करायला सांगितले. पहिलीने संवाद नीट म्हटला, मग ती थांबली, ऑर्गनकडे वळून पाहिले, सूर मिळाल्यावर डोळे मिटले आणि ‘अर्थशून्य भासे मज’ असे सुंदर गायली की आमच्यातील म्हाताऱ्या खजिनदारांनी डोळे पुसले. पण त्या थांबण्यात तीन-चार क्षण गेले आणि तेवढ्यात सत्यवती निघून गेली. उरली ती मैफलीतील गायिका. दुसरीने संवादाचा शेवटचा शब्द आणि पदाचा पहिला शब्द एकाच श्वासात घेतला. ती बोलायची थांबली कधी आणि गाऊ लागली कधी, ते मला समजले नाही. मात्र अंतऱ्यात वर जाताना आवाज चिरला आणि तिने मान खाली घातली. तिसरीने सर्व काही बिनचूक केले, परंतु हात, पाऊल, मान, सगळे २० वर्षांपूर्वीचे होते. त्या वेळच्या दिग्दर्शकांनी जिथे उभे केले होते तिथेच ती आजही जाऊन उभी राहिली. कोणालाही नाही म्हणताना वाईट वाटते, म्हणूनच येथे विचारतो आहे.

नाट्यवेडी, डिचोली
हे आधी लिहिले असते तर निम्मा धागा वाचला असता. ज्या बाईला एका श्वासात बोलण्यातून गाण्यात शिरता येते, तिला आपण सोडू नका. गाणारीला ती गोष्ट दोन महिन्यांत शिकवता येत नाही.

मांडवीकाठ
शिकवता येते. पहिलीला ऑर्गनचा सूर आधीच्या संवादाखाली हलका धरून ठेवला तर तिला थांबावे लागणार नाही. ही युक्ती प्रत्येक ऑर्गनवादकाला ठाऊक असते. सुरपेटींनी सांगावे, मी चुकीचे बोलतो आहे का?

सुरपेटी
युक्ती खरी आहे आणि मी ती पुष्कळदा वापरली आहे. सूर खाली धरला की थांबणे जाते. पण डोळे मिटणे जात नाही. गाताना समोरच्या पात्राकडे पाहण्याची सवय तालमीत लागायला निदान एक हंगाम जावा लागतो. पहिलीचा गळा मोठा आहे, तिचा काळ पुढे आहे. उलट दुसरीची अडचण पट्टीची आहे, आणि पट्टी माझ्या बोटाखाली आहे. एक करा. शुक्रवारी रात्री जेवणानंतर दुसरीला बोलवा, आधी दोन अंक संवाद म्हणायला लावा, गळा थकू द्या, आणि रात्री १ नंतर मंडपात उभे करून शेवटची पदे पांढरी चारमध्ये म्हणवून घ्या. माईक लावू नका. शेवटच्या रांगेत कोणाला तरी बसवा. जे ऐकू येईल तेच पौषात ऐकू येणार आहे.

श्रोता, मडगाव
माईक लावू नका हे काही पटत नाही. कॉलर माईक लावला तर गळ्यावर निम्माच जोर पडेल.

सुरपेटी
प्रयोगाला माईक लावाच, पण परीक्षेला नको. माईकवर श्वास लपतो.

जुना प्रेक्षक
प्रयोगाची लेखी परवानगी घेतली आहे ना? लेखनावरचे हक्क अजून वारसांकडे असतात आणि पुष्कळ उत्सवी मंडळे हे विसरतात.

पडद्यामागचा
परवानगी घेतलेली आहे. सुरपेटी काकांनी सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी करून पाहतो.

पडद्यामागचा
शनिवार सकाळ. काल रात्री परीक्षा झाली. मी स्वतः शेवटच्या रांगेत, तुळशीवृंदावनापाशी बसलो होतो. दीड वाजता तिने शेवटचे पद उचलले. पांढरी चारमध्ये तार षड्ज लागला, एकदा किंचित निसटता, पण चिरला नाही. आणि शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला. मुख्य म्हणजे आवाज थकलेला होता आणि तो थकवा सत्यवतीचाच वाटला. पहिली मुलगीही आपणहून आली होती. तिने दोन तास पायरीवर बसून सगळे ऐकले आणि नंतर दुसरीला अंतऱ्यात श्वास कुठे घ्यावा ते दाखवले. तेवढ्यानेच तो निसटता सूर दुसऱ्या खेपेला जागेवर बसला. आज संध्याकाळी मी बैठकीत दुसरीचे नाव मांडणार आहे, आणि पदांच्या तालमी पहिलीने घ्याव्यात असेही सुचवणार आहे. तिसऱ्या ताईंकडे मी स्वतः घरी जाऊन बोलेन. त्यांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

एक अडचण उरते. पराशराची पदे निराळ्या पट्टीत आहेत आणि आमच्या तबलजीकडे पांढरी चारचा तबला नाही. दवात एकच तबला चढवत-उतरवत राहणे शक्य नाही. कोणाकडे असल्यास कळवावे.

सुरपेटी
माझ्या धाकट्या भावाकडे आहे, पुडी, म्हणजे वरचे चामडे, गेल्याच महिन्यात बदलली आहे. सोमवारी सकाळी फर्मागुडीला येणार आहे, तेव्हा आणून देतो. बरोबर एक जुनी चादरही देईन. पदे नसतील तेव्हा तबला तिच्यात गुंडाळून ठेवायला सांगा.