सिंकच्या कोपऱ्यातून ग्रॅनाइटला चीर गेलीय, काय करू?

प्रश्न: ओटा बसवून दोनच महिने झालेत आणि सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत केसासारखी चीर दिसतेय, नख फिरवलं की अडकतं. दगड २० मिमीचा, खाली प्लायचं कपाट. अख्खा दगड बदलावा लागेल का? खूप जीव लावून करून घेतलं होतं हो.

उत्तर: सिंकच्या पुढची पट्टी सगळ्यात नाजूक, तिथे जेमतेम दोन-तीन इंच दगड उरतो आणि कोपरा गोलाईत न कापता काटकोनात कापला की सगळा ताण तिथेच येतो. चिरेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून ठेवा, वाढतेय का कळेल.

उत्तर: मी फर्निचरचंच काम करतो. कपाट लेव्हलला आहे का बघा आधी. मधे फट असली की दगड अधांतरी राहतो आणि कोणी सिंकवर रेललं की चिरतो. आम्ही कपाटं पक्की बसवून मगच दगडाचं माप घेतो, कारण भिंत क्वचितच सरळ असते.

प्रश्नकर्ता: बघितलं, डाव्या बाजूला खरंच फट आहे, जाड पुठ्ठा सहज आत जातो.

उत्तर: मग आधी फटीत पॅकिंग, म्हणजे पातळ पट्ट्या, देऊन आधार द्या, नंतर चिरेत दगडाच्या रंगाचं इपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) भरून घ्या. बदलायची घाई नको. पण नुसतं इपॉक्सी भरलंत तर परत तिथेच फुटेल.