सणासुदीला मुलांना दानधर्मात कसं सामील करावं?

चाफेकळी: सणाच्या सुट्ट्या जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर हा विषय निघतोच, मुलांना घेऊन एखाद्या बालगृहात जाऊ, त्यांच्या हातून वस्तू वाटू, फोटो काढू. माझं मत स्पष्ट आहे. मुलांना देण्यात जरूर घ्या, पण वाटपाला नेऊ नका. समोर रांगेत उभं असलेलं मूलही आपल्याच मुलाच्या वयाचं असतं, आपल्या पोराला चांगले संस्कार मिळावेत म्हणून त्याने का उभं राहायचं? त्यापेक्षा कुणाला द्यायचं, काय द्यायचं, हे घरी मुलांनाच ठरवू द्या.

रानवारा: नाही पटलं. घरी बसून ठरवलं की मुलासाठी तो फक्त मोबाईलवरचा एक आकडा होतो, बाबांनी बटण दाबलं आणि विषय संपला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आतून काही हलत नाही, मोठ्यांचंही हलत नाही, मग मुलांचं कसं हलणार? फोटो नकोत हे मान्य, पण भेटच नको म्हणणं म्हणजे मुलांना काचेच्या पेटीत वाढवणं झालं.

चाफेकळी: आपल्या मुलाचं आतून हलावं म्हणून दुसऱ्याच्या मुलाने दर सणाला अनोळखी माणसांसमोर हसायचं का, माझा मुद्दा एवढाच आहे. हे लोक येतात, तासभर जीव लावतात आणि परत कधी दिसत नाहीत, त्या मुलांना ते कळत नसेल का? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलांच्या खासगीपणाचा हक्क आहे, तो संस्थेत राहणाऱ्या मुलांनाही तितकाच लागू आहे.

सरळमार्गी: मी तर म्हणतो मुलांना यात ओढूच नका. वर्षभर शाळा, क्लास, परीक्षा, चार दिवस सणाचे मिळतात त्यातही "तुझं खेळणं दे, बघ त्यांच्याकडे काहीच नाही" हे ऐकायचं. लहान मूल त्यातून दया नाही शिकत, आपल्याकडे आहे याची लाज शिकतं.

पाटीपेन्सिल: सरळमार्गी, सक्तीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण मुलांना देण्यात आनंद नसतो असं समजू नका. २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर प्रयोग केला होता, खाऊ मिळाल्यापेक्षा दुसऱ्याला देताना ती जास्त खूश दिसली आणि स्वतःच्या वाट्यातला देताना तर अजूनच. त्याआधी २००८ मधला एक प्रयोग आहे, साधारण वीस महिन्यांच्या मुलांचा, त्यात मदत केल्याबद्दल ज्यांना बक्षीस दिलं ती मुलं नंतर मदत करायला कमी पुढे आली, नुसतं कौतुक झालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतात ती दानासाठी वस्तू आणल्याबद्दल शाळेत मिळणारी सर्टिफिकेटं आणि स्टार, चांगली सुरुवात आपणच बिघडवतो.

सरळमार्गी: प्रयोगात त्या मुलाला कुणी बळजबरी नाही केली, घरात आणि शाळेत होते. वर्गात सगळ्यांनी आणलं आणि एकानेच नाही आणलं तर त्याचं काय होतं ते बघा. त्याच्या घरची परिस्थिती बेताची असू शकते, ते कुणी विचारत नाही.

पाटीपेन्सिल: हे मात्र खरं. शाळेने नावांची यादी लावूच नये.

रानवारा: मग मधला रस्ता सांगतो. वस्तू जमा होतात तिथे निवडायला, घड्या घालायला मुलांना न्या. फाटके कपडे, तुकडे हरवलेली पझल्स, बंद पडलेली खेळणी, लोक काय काय देतात ते त्यांना दिसू दे. हे वेगळं काढण्यात संस्थेच्या माणसांचा किती वेळ जातो तेही कळेल, आणि पुढच्या वेळी स्वतःचं देताना मूल आपणहून धुऊन, तपासून देईल. कुणाला रांगेत उभंही करावं लागणार नाही.

चाफेकळी: हे चालेल, मनापासून. फक्त सणात नको. तेव्हा संस्थांकडे ठेवायला जागा नसते आणि नंतर कितीतरी महिने कुणी फिरकत नाही. आधी फोन करून काय हवंय ते विचारा, आणि तो फोन मुलालाच करू द्या.

रानवारा: सणात मुलांना सुट्टी असते, आईवडिलांनाही असते, एरवी कोण नेणार? सुरुवात तेव्हाच होऊ दे.