खुनी कळला तरी

‘पन्नासाव्या पानावर खुनी कळतो, मग पुढचं वाचायचं कशाला?’ हा रहस्यकथांबद्दलचा प्रश्न मला पटला नाही. कळतो म्हणूनच तर वाचायचं!

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार किंवा काळापहाड शेवटी सुटणार, हे गिरगावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असायचं. तरी लोक पुढच्या पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लावायचेच. झुंजार मेला असता तर वर्गणी परत मागितली असती.

माझं वाचन डोंबिवली-सीएसएमटी फास्ट लोकलमध्ये. ठाण्यापर्यंत उभ्याने, एका हातात कडी, दुसऱ्यात पुस्तक; पान उलटायचं ते अंगठ्याने. घाटकोपरला धक्का बसून चार ओळी निसटल्या तरी बिघडत नाही, कारण तिथे काय असणार ते माहीत असतं: मृत्युपत्र, बंद खोली, थांबलेलं घड्याळ. गंभीर कादंबरी अशी वाचून बघा, कुर्ला यायच्या आत डोकं धरतं. (नेटाने वाचणारे असतील, त्यांना दंडवत.) ऑफिसात दिवसभर कुठली गोष्ट कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. इथे निदान शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून हिशेब तरी चुकता करतात.

मागे वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर कुणा चहाटळाने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘खुनी भाचा आहे.’ चडफडलो, पण वाचलं. निघाला मुनीम! परत करताना ते खोडून मी खाली लिहिलं, ‘भाचा बिचारा निर्दोष.’