शरीर म्हातारं का होतं? सोप्या मराठीत सांगायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीला हायस्कुलात विज्ञान शिकवते. येत्या रविवारी गावातल्या ज्येष्ठांसमोर या विषयावर अर्धा तास बोलायचं आहे आणि एका जागी अडले आहे.

सुरुवात पेशींपासून करणार होते. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात, हे हेफ्लिक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं. गुणसूत्रांच्या टोकांवरची टोपणं, म्हणजे टेलोमिअर, दर विभाजनाला आखूड होत जातात, वगैरे. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "कापलेलं बोट चार दिवसांत भरून येतं गो, मग शरीर आपली डागडुजी कायमची का करीत नाही?" माझ्या टिपणांत याचं उत्तरच नव्हतं. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्याहून बरेच लांब, तरी ते जगतात दोन-तीन वर्षं.

मला पटलं ते जीवशास्त्रज्ञ कर्कवुड यांचं १९७७ चं म्हणणं. ऊर्जा मोजकीच, ती दुरुस्तीला घालायची की पिल्लांना? रानात बहुतेक प्राणी म्हातारपणाआधीच शिकार, थंडी, रोगराईने मरतात. मग शंभर वर्षं टिकेल अशी दुरुस्ती कशाला? आमच्या कौलारू घराचं तसंच आहे. दर मे महिन्यात शाकारणी होते, पण फुटकी कौलं तेवढीच बदलतो. वासे तसेच राहतात, कारण पैसा मुलांच्या शिक्षणाला लागतो.

अडचण इथेच आहे. घराचा मालक विचार करून ठरवतो, निसर्ग काही ठरवत नाही. दाखला न मोडता हे कसं सांगू?

दुसरं, मेडावार (१९५२, उतारवयात निसर्गाची निवड ढिली पडते म्हणणारे) आणि विल्यम्स (१९५७) हे 'का' सांगतात आणि टेलोमिअर, हार्मन यांचे पेशींना इजा करणारे मुक्त कण (१९५६) हे 'कसं' सांगतात, अशी विभागणी केली तर चूक ठरेल का? तरुणपणी उपयोगी जनुक उतारवयात बाधतो, या विल्यम्स यांच्या मुद्द्याला त्यांचं स्वतःचं कॅल्शियमचं उदाहरण कल्पनेतलं आहे. मला खरं हवंय.

या मुक्त कणांना आवर घालतात म्हणून विकल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांबद्दल कुणीतरी विचारणारच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला (१९९४), हे मी स्पष्ट सांगणार आहे. समोर बसणाऱ्यांपैकी बरेच जण पेन्शनीतून असल्या बाटल्या घेतात.

शनिवारपर्यंत कळवलंत तर टिपणं सुधारता येतील.